‘मी दोनच ओढतो’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ गृहस्थांचं पत्र आलं होतं. चाळीस वर्षं आपण दिवसाला दोनच सिगारेटी ओढतो, एक सकाळच्या चहानंतर आणि एक रात्री जेवण झाल्यावर. प्रमाणात असलं की काही होत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याच पानावर खाली चौकटीत आरोग्याच्या सूचना होत्या. तेल कमी खा, मीठ कमी खा, आणि त्याच ओळीत ‘धूम्रपान कमी करा’. दोन्ही वाचलं आणि पेपर मिटून ठेवला. दोन आठवडे गेले तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे.

मी ३१ वर्षं बडोद्यात फुप्फुसांची तपासणी करायचं काम केलं. लोक त्याला फुंकायची तपासणी म्हणतात. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर मी उभी. मोठा श्वास घ्या, अजून घ्या, अजून, आता फुंका! सोडू नका, सोडू नका, सोडू नका. सहा सेकंद. गुजराती पेशंटला ‘फूंको, फूंको, फूंको’. सुरुवातीच्या काळात कागदावर पेन फिरायचं, पुढे कॉम्प्युटर आला, पण माझं ओरडणं तेच राहिलं. दिवसाकाठी दहा-पंधरा माणसांवर असं ओरडून संध्याकाळी घरी माझाच आवाज बसलेला असायचा.

ह्या तपासणीत मुख्य आकडा पहिल्या सेकंदाचा. निरोगी माणूस छातीत भरून घेतलेल्या हवेचा तीन चतुर्थांश भाग, कधी त्याहूनही जास्त, पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या आकसल्या असतील, फुप्फुसांची लवचीकता गेली असेल, तर तेवढी हवा सुटत नाही. नळ्या मोकळ्या करणारं औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं आणि तरीही हा हिस्सा ७० टक्क्यांच्या खाली राहिला, तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडायची. पडद्यावर एक आलेखही उमटतो. चांगल्या छातीचा आलेख सुळक्यासारखा वर जातो आणि सरळ रेषेत खाली येतो. धुरानं खाल्लेल्या छातीचा आलेख वर जेमतेम चढतो आणि उतरताना मधे खोल जातो, कुणी चमच्यानं कोरून काढावा तसा. कागद हातात घ्यायच्या आधीच मला कळायचं.

माझ्या थोरल्या भावानं ३४ वर्षं सिगारेट ओढली. दादा लहानपणापासून माणिकरावांच्या आखाड्यात जाणारा. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या मल्लखांबावर मी त्याला शाळेत असताना पाहिलेलं आहे; खांबावर उलटा लटकून तो आमच्याशी बोलायचा. अशा माणसाला आपल्या छातीबद्दल काळजी कशी वाटावी? नोकरीला लागला तेव्हा पाळीवरच्या मित्रांबरोबर सुरू झालं आणि पुढे दिवसाला पंधरावर गेलं. २००९ साली सर्दी छातीत उतरली, महिनाभर खोकला जाईना, तेव्हा वहिनींनी त्याला हाताला धरून माझ्याकडे आणलं. सख्ख्या भावावर ओरडायची वेळ आली. सोडू नको दादा, सोडू नको. चौथ्या सेकंदाला त्याला ठसका लागला. तीन वेळा फुंकून घेतलं. पहिल्या सेकंदात २.२ लिटर, हिस्सा ६४ टक्के, आणि पडद्यावर तो कोरलेला आलेख. वय ५२.

डॉक्टरांनी त्याला समजावलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. तसं मी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्या दिवशी वेगळं ऐकू आलं. श्वासनळीच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सारखे हलत राहतात आणि धूळ, कफ वर ढकलतात. हीच छातीची झाडलोट. धुरानं हे केस आधी लुळे पडतात, मग झडतात. कफ करणाऱ्या ग्रंथी मात्र फुगतात. म्हणजे कचरा वाढला आणि झाडणारा गेला. मग खोकूनच तो बाहेर काढावा लागतो, त्याला लोक ‘सकाळचा साधा खोकला’ म्हणतात. त्याच्याही खाली, नळ्यांच्या टोकांना, हवेच्या इवल्या पिशव्या असतात. त्यांची संख्या कोट्यवधी. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की पलीकडच्या रक्तात प्राणवायू सहज उतरतो. धुरामुळे तिथे जमा होणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या भिंतींतला लवचीक धागाच पचवून टाकतात. भिंती फाटतात, दहा लहान पिशव्यांची एक मोठी सैल पिशवी होते, आणि ती पुन्हा कधीही दहा होत नाही. सैल पिशवीतली हवा बाहेर पडत नाही. पेशंट येऊन सांगतो, श्वास घेता येत नाही. खरं तर त्याला श्वास सोडता येत नसतो; जुनी हवा आत अडकलेली, नवीन शिरणार कुठे?

आणि फुप्फुसाच्या पेशीजालाला वेदना जाणवत नाही. दात किडला तर माणूस रात्रभर जागतो. इथे फुप्फुसाचा मोठा भाग निकामी होईपर्यंत जिना चढताना थोडा दम लागतो, एवढंच. ‘वय झालं’ म्हणून तेही सोडून दिलं जातं.

डॉक्टरांनी विचारलं, किती आणि किती वर्षं? ते हिशेब करतात तो असा: वीस सिगारेटींचं एक पाकीट धरायचं, रोज किती पाकिटं ते काढायचं आणि वर्षांनी गुणायचं. दादाचे पंधरा म्हणजे पाऊण पाकीट, गुणिले ३०. साडेबावीस. पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाचाच पहिल्या सेकंदाचा आकडा वर्षाला २५-३० मिलिलिटरनं उतरत जातो. ज्यांच्या फुप्फुसांना धूर बाधतो त्यांचा ५०-६० नं, काहींचा त्याहूनही वेगानं. लंडनमधल्या पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी करून फ्लेचर आणि पेटो ह्या दोघांनी १९७७ साली हे दाखवून दिलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: सिगारेट सोडली की गेलेलं परत येत नाही, पण उतरण जवळजवळ न ओढणाऱ्या माणसाइतकीच होते. पन्नाशीत सोडलं तरी होते.

दादानं सोडली नाही. कमी केली. पंधरावरून दोनवर आला. सकाळच्या चहानंतर एक, रात्री जेवल्यावर एक. आपल्या त्या पत्रलेखकांचंच वेळापत्रक. ज्यानं कधी ओढली नाही त्याला पंधरावरून दोनवर येणं म्हणजे काय ते कळणार नाही. दादानं ते स्वतःच्या हिमतीवर केलं, तीन महिन्यांत. खोकला कमी झाला. पुढच्या वर्षी पुन्हा फुंकून घेतलं तर आकडा जवळपास तिथेच होता. मी कागद हातात धरून म्हटलं, “छान दादा! असंच ठेव.”

संपादक महोदय, हे पत्र खरं म्हणजे त्या ‘असंच ठेव’साठी आहे. मी फुप्फुसांच्या खात्यात काम करणारी बाई. मला वाटलं, छातीचं यंत्र बरं दाखवतंय म्हणजे माणूस बरा आहे. हृदय माझ्या यंत्रात दिसत नव्हतं.

१४ जानेवारी २०१३. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, पतंगांचा दिवस. बडोद्यात त्या दिवशी कोण घरात असतं? सगळं गाव गच्चीवर. दादा चहा घेऊन, त्याची ती सकाळची एक ओढून, फिरकी घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर गेला. तासाभरानं खाली आला आणि झोपाळ्यावर बसला. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाला. घाम फुटला होता. जानेवारीतल्या सकाळी घाम! आदल्या रात्रीच्या उंधियूमुळे गॅस झाला असेल म्हणून सोड्याचं पाणी प्यायला आणि आडवा झाला. त्यात सव्वा तास गेला. मग वहिनींचा फोन आला, “वन्सं, लवकर या, ह्यांचा रंग बदललाय.” गच्च्यांवरून ‘काप्यो छे!’च्या आरोळ्या चालू होत्या, त्यातून १०८ची गाडी गल्लीत शिरली.

अँजिओग्राफीत दिसलं की हृदयाची पुढची मोठी नळी गुठळीनं पूर्ण बंद झाली होती. स्टेंट टाकला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरवर ती फिल्म दाखवली आणि जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. गुठळी काढल्यावर खाली जो चरबीचा जुना थर दिसला, तो काही फार मोठा नव्हता. नळीचा अर्धा भागही त्यानं अडवलेला नव्हता. तो थर फाटला आणि त्यावर गुठळी चढली. मी म्हटलं, “पण डॉक्टर, तो तर दोनच ओढायचा.” ते म्हणाले, “गुठळीला दोन पुरतात.”

मग मी वाचायला लागले. जे आधी वाचायला हवं होतं ते.

सिगारेटचा झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, नळ्या आकसतात. त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे हृदयाला काम जास्त आणि प्राणवायू कमी, एकाच वेळी. नळ्यांच्या आतलं गुळगुळीत अस्तर, जे रक्त गोठू देत नाही, ते दुखावतं. रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, एकमेकींना धरून बसायला टपलेल्या. आणि ह्या साऱ्यातलं बरंचसं थोड्याशा धुरानंच घडून जातं. वीस सिगारेटींनी ते वीसपट होत नाही. हीच गोष्ट मला ठाऊक नव्हती. शिडीच्या वीस पायऱ्यांपैकी एक चढलो तर एकाच पायरीचा धोका, असं आपण धरून चालतो. हृदयाच्या बाबतीत पहिल्याच पायरीला माणूस जवळजवळ अर्ध्यावर पोचलेला असतो.

हे माझं म्हणणं नाही. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जगभरातल्या १४१ पाहण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला २० ओढणाऱ्या पुरुषाचा हृदयविकाराचा धोका कधीच न ओढणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट निघाला. आणि दिवसाला एकच ओढणाऱ्याचा? विसावा हिस्सा जास्त नव्हे. ४८ टक्क्यांनी जास्त. बायकांमध्ये रोजच्या एका सिगारेटनंच ५७ टक्के. आपल्या देशातलीही गोष्ट आहे. २००८ साली भारतातल्या मृत्यूंचा फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला १ ते ७ सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला.

वहिनींनी आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही. पण झोपाळ्यावर रात्री दोघं शेजारी बसायची. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्याला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, हे आता सगळीकडे मान्य आहे. स्वतः न ओढता, नुसतं शेजारी बसून. एवढ्याशा धुरानं एवढं होत असेल, तर ‘प्रमाणात’ ह्या शब्दाला अर्थ काय उरला?

बीडीबद्दल लिहिल्याशिवाय बडोद्यातल्या माणसाचं पत्र पुरं होत नाही. आमच्या शेजारीच चरोतर. पेटलाद, बोरसदकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, आणि पुढे खळ्यांवरून येणारा तो नाकात झोंबणारा वास. पादरा, डभोई, सावलीकडून येणाऱ्या पेशंटांत बहुतेक बीडीवाले असत. एक म्हातारे काका फुंकून दमले की हसून म्हणायचे, “बेन, बीडीमां शुं? पांदडुं ज छे ने!” नुसतं पानच तर आहे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आत शिरत नाही, बीडी सारखी विझते, म्हणून ती जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. आत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी, तरी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी जात नाही, उलट जास्त जातं. २००८च्या त्याच अभ्यासात बीडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि बायकांचं सुमारे ८ वर्षांनी घटलेलं दिसलं. त्या काकांच्या शेवटच्या तपासणीत त्यांना सहा सेकंद फुंकवेना. मी पुन्हा फुंकायला सांगितलं नाही.

आता सोडण्याविषयी. दादाला सोडवलं ते भीतीनं, हे मी मान्य करते. पण भीती आठवडाभर टिकते. नंतर चहाची वेळ रोज येते. त्यानं चहाची जागाच बदलली. झोपाळा सोडून स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून चहा घ्यायला लागला, आणि कप खाली ठेवला की सूरसागर तळ्याला एक फेरी. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले, तो कुणाशी धड बोलला नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी खोकला वाढला! “ओढत होतो तेव्हा नव्हता एवढा,” म्हणाला. इथे खूप माणसं पुन्हा पेटवतात, मी कितीतरी पाहिली. सोडल्यावर नळीतले ते लुळे केस पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात, म्हणून काही दिवस खोकला वाढू शकतो. हे कुणी आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही. खोकला लांबला किंवा रक्त पडलं, तर मात्र डॉक्टर गाठायलाच हवा.

आणखी एक, आमच्याकडचं. सिगारेट सोडून तंबाखू-सुपारीचा मावा धरणं म्हणजे सोडणं नव्हे. पानाच्या गल्ल्यावर सिगारेटच्या जागी माव्याची पुडी मागितली, तर निकोटिन तसंच चालू राहतं आणि तोंडाचा कॅन्सर वर. सोडायला मदत हवी तर डॉक्टरांकडे निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या आहेत. सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकट नंबर पाकिटावरच छापलेला असतो. त्या भयानक चित्राखाली तो कुणी वाचत नाही.

उशीर झाला, आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर १९५१पासून पन्नास वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ओढत राहिलेले सरासरी १० वर्षं आधी गेले. ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली, त्यांना त्यातली ३ वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६, चाळिसाव्या वर्षी ९. हृदय तर लवकर सावरतं: शेवटच्या सिगारेटनंतर दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका अर्ध्यावर येतो. म्हणून त्या पत्रलेखक गृहस्थांना माझं हात जोडून सांगणं आहे: तुम्ही दोनवर आहात, म्हणजे सगळ्यात अवघड रस्ता तुम्ही आधीच चालून आलात. तुम्हाला काही झालं नाही ह्याचा मला आनंदच आहे. दादालाही १३ जानेवारीपर्यंत काही झालं नव्हतं.

आणि आपल्याला एक विनंती. त्या चौकटीत पुढच्या वेळी ‘कमी करा’ छापू नका. तेल कमी करता येतं, मीठ कमी करता येतं. इथे ‘बंद करा’ छापा आणि खाली तो नंबर द्या. माणूस पेपरातल्या एका शब्दाचा आधार घेतो. दादानं माझ्या एका शब्दाचा घेतला होता.

दादाच्या हृदयाचं पंपिंग तेव्हा ३५ टक्क्यांवर आलं होतं, आता चाळीसच्या थोडं वर आहे. जिना एक मजला चढतो, मधे थांबून. उत्तरायणाला खाली अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि नातवाची फिरकी धरतो. हे पत्र पाठवण्याआधी मी त्याला वाचायला दिलं, कारण गोष्ट त्याची आहे. नाव घालू नकोस, एवढंच तो आधी म्हणाला. मग चश्मा लावून पुन्हा वाचलं आणि माझ्या हातातलं पेन मागितलं. मी वर ‘३० वर्षं सिगारेट ओढली’ असं लिहिलं होतं. त्यानं ते खोडून ‘३४’ केलं.

“बेबी,” म्हणाला, “दोनची चार वर्षंसुद्धा धर.”

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
दांडिया बाजार, बडोदे